बिनरांगेच्या विहीणबाई

माझ्या विहीणबाईंना रांगेत उभं राहिलेलं पाहिलंय, असं सांगणारा माणूस अख्ख्या पुण्यात सापडणार नाही. सापडलाच तर तो थापा मारतोय असं खुशाल समजावं. ज्या शहरात लोक रविवारी सकाळी मिसळीसाठी नाव सांगून तासभर फुटपाथवर ताटकळतात आणि वर ‘एवढी रांग आहे म्हणजे चांगलीच असणार’ असं एकमेकांना समजावतात, त्या शहरात ही बाई तीस-पस्तीस वर्षं राहते आहे आणि एकदाही कुणाच्या पाठीमागे उभी राहिलेली नाही. आणि यात कसली वशिलेबाजी नाही, घुसखोरी तर त्याहून नाही. कुणी रांगेत मध्ये शिरलं तर त्याला खांद्यावर टिचकी मारून शेवटचं टोक दाखवण्याचं काम विहीणबाई अनोळखी रांगेतही करतात, म्हणजे रांगेच्या बाहेर उभ्या राहून. त्यांचं म्हणणं एवढंच, की रांग ही जागा नव्हे, वेळ आहे; ती वेळ सोडून यावं, म्हणजे रांग तिथे नसतेच.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. मूळच्या नागपूरच्या. सरकारी नोकरीनिमित्त पुण्यात आल्या, येरवड्यात फ्लॅट घेतला, नवरा लवकर गेला तेव्हा एकुलत्या मुलाला एकटीनं वाढवलं आणि खिडकीवरच्या कारकुनीपासून सुरुवात करून स्वतंत्र केबिनमधून निवृत्त झाल्या. बुटक्या, ताठ, सुती साडीवर पांढरे स्पोर्ट्स शूज. बोलणं इतक्या वर्षांत पुरतं पुणेरी झालेलं, म्हणजे कमी आणि बोचरं. फक्त फार आनंद झाला किंवा फार राग आला की त्यातून नागपूर डोकं वर काढतं. मला ‘भाऊ’ म्हणतात. या एका शब्दात त्या आदर, माया आणि ‘तुम्हाला काही कळत नाही’ हे तिन्ही बसवू शकतात.

आमची पहिली गाठ पडली ती मुलांचं लग्न ठरवताना. आम्ही सदाशिव पेठेतले, ते बौद्ध. दोन्ही घरांनी समंजसपणे नोंदणी पद्धतीचं लग्न ठरवलं आणि तारीख काढायचं काम विहीणबाईंनी आपणहून अंगावर घेतलं. त्यांनी काढलेली तारीख ऐकून माझी बायको खुर्चीत बसली ती उठेना. ऐन पितृपक्षातली तारीख, त्यातही अमावास्या. मी घसा साफ करून म्हणालो की आम्ही काही तसे मानणारे नाही, पण तरी. विहीणबाईंनी शांतपणे चहाचा घोट घेतला. “त्या दिवशी ऑफिसात कुणी नसतं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मुहूर्ताच्या दिवशी जिन्यापर्यंत नवऱ्या उभ्या असतात.” आणि खरोखरच त्या दिवशी नोंदणी कार्यालयात आमच्याखेरीज एक मांजर होतं. अधिकाऱ्यांनी मुलांना खुर्च्या दिल्या, दोघांची नीट चौकशी केली, सह्या झाल्यावर स्वतःच्या डब्यातला शिरा दिला. संसारही छान चालला आहे. बायको अजून अमावास्येला त्यांच्या लग्नाचा वाढदिवस धरत नाही, इंग्रजी तारखेनं धरते, एवढीच काय ती तडजोड.

त्याच बायकोला विहीणबाईंनी एकदा बुधवार पेठेतल्या गणपतीचं दर्शन घडवलं होतं. स्वतः त्या देवळाच्या वाटेला जाणाऱ्या नव्हेत. त्यांच्या दिवाणखान्यात बुद्धाची एक छोटी मूर्ती आहे आणि तिच्यापुढे कधीच गर्दी नसते. पण बायकोचे पाय दुखतात, तिला तासन्‌तास उभं राहवत नाही, म्हणून यांनी एक साधासा वार आणि भर दुपारची वेळ शोधून काढली, रिक्षानं नेलं आणि बाहेर दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या. बायको इतक्या लवकर बाहेर आली की रिक्षावाला अजून सुट्टे शोधत होता. घरी येऊन ती मला हळूच म्हणाली, दर्शन अगदी जवळून झालं, पण झाल्यासारखं वाटलं नाही.

विहीणबाईंच्या या विद्येला खरा बहर आला तो निवृत्तीनंतर, आणि तोही भलत्याच ठिकाणी. पुण्याहून मुंबईच्या बाजूला घाट उतरला की एक मोठं थीम पार्क आहे. गोल फिरणारे, उलटे होणारे, उंचावरून पाण्यात आपटणारे पाळणे तिथे आहेत आणि त्या प्रत्येकापुढे लोखंडी कठड्यांतून नागमोडी वळत गेलेली रांग आहे. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, विपश्यनेला जातात; विहीणबाई इथे गेल्या. पहिल्यांदा रोलर कोस्टरमधून उतरल्यावर त्यांच्या अंबाड्याचा पत्ता नव्हता, चष्मा मुठीत घट्ट होता आणि चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की मी विचारलंच, एवढं काय आवडलं यात? म्हणाल्या, “आयुष्यभर खुर्चीत बसले. एकदा खुर्ची उलटी होताना बघायची होती.”

तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा आमची दोन्ही घरं तिथे जातात. जावई संगणकवाले, त्यांचा पहिल्या वेळचा बेत सोपा होता. जास्त पैसे टाकले की पास मिळतो, पास दाखवला की रांग सोडून थेट पुढच्या दारानं आत. त्यांनी मोबाईलवर तो घ्यायला सुरुवात केली आणि विहीणबाईंनी मोबाईल काढून घेतला. पैसे देऊन पुढे जाणं म्हणजे घुसणंच, फक्त पावती मिळते, असं त्यांचं मत पडलं. शिवाय त्या म्हणाल्या की हल्ली एवढे लोक पास घेतात की पासवाल्यांचीही रांग लागते, आणि त्या रांगेतले लोक जास्त चिडलेले असतात.

मग त्यांची पद्धत सुरू झाली. जायचं ते शाळांच्या परीक्षा संपल्यावर नव्हे, सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी किंवा बुधवारी. आमच्या नातीची शाळा एक दिवस बुडायची, तर त्याबद्दल त्या वर्गशिक्षिकांना आपल्या सुंदर अक्षरात ‘कौटुंबिक कारण’ कळवायच्या. पार्क उघडायच्या आधी आम्ही दारात. दार उघडलं की समोरच मोठा पाळणा दिसतो आणि सगळी जनता तिकडे धावते. विहीणबाई त्याच्याकडे पाठ फिरवून थेट पार्कच्या दुसऱ्या टोकाला चालू लागायच्या आणि आम्ही बदकांसारखे मागून. तेही उजवीकडून. लोकांना प्रदक्षिणेची सवय, सगळे डावीकडून सुरू करतात, असा त्यांचा शोध होता. शेवटच्या टोकाचे पाळणे चालवणारे लोक सकाळी अजून जांभया देत असायचे. एकाही गिऱ्हाइकाची अपेक्षा नसताना ही पांढऱ्या बुटांची आजी आणि तिची पलटण पाहून ते दचकायचे. गर्दी तिथे पोचेपर्यंत आमचे तिथले पाळणे दोनदा झालेले असायचे.

जेवण सकाळी अकराला. कॅन्टीनमध्ये डाळीला फोडणी बसत असायची आणि आम्ही ताटं घेऊन हजर. मी एकदा तक्रार केली की माझ्या पोटाला इतक्या लवकर भूक लागत नाही. “पोटाला घड्याळ कळत नाही, भाऊ,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच त्याला शिकवलंय.” त्यानंतर एक वाजता सगळं पार्क जेवायला बसलं, की मधल्या भागातले एरवी तुडुंब असणारे पाळणे ओस पडायचे आणि आम्ही भरल्या पोटी त्यांत बसायचो, म्हणजे बाकीचे बसायचे; मी बॅगा सांभाळायचो. दुपारी सर येऊन गेली की लोक आडोशाला थांबून राहायचे, पण पाऊस थांबल्यावर पाळणे लोकांच्या आधी सुरू होतात हे यांना ठाऊक. संध्याकाळी मोठाल्या बाहुल्यांची वाजतगाजत मिरवणूक निघायची, अख्खं पार्क रस्त्याच्या दोन्ही कडांना जमायचं, आणि त्या वेळी आमची नात आणि तिची आजी सगळ्यात उंच पाळण्याच्या सगळ्यात पुढच्या बाकावर. नातीनं ती मिरवणूक आजवर वरूनच पाहिली आहे. बाहुल्यांची डोकी तिला पाठ आहेत, चेहरे नाहीत.

आणि इतकं करूनही एखाद्या पाळण्याला रांग असलीच, तर विहीणबाई एकट्या माणसाची जागा विचारायच्या. लोक जोडीजोडीनं येतात, तिघं आले की एक बाक अर्धा रिकामा जातो. तिथे एकट्या माणसाला लगेच बसवतात. त्यामुळे आमचं कुटुंब पार्कभर विखुरलेलं असायचं. माझी लेक एखाद्या सुरतेच्या नवविवाहितेशेजारी किंचाळत असायची, जावई कॉलेजच्या पोरांत, आणि विहीणबाई एकदा एका धिप्पाड पोलीस शिपायाशेजारी बसल्या होत्या. पाळणा उलटा झाला तेव्हा त्यानं यांचा हात धरला होता. उतरल्यावर तो सॉरी म्हणाला. असू दे, तुम्ही घाबरला नसतात तर मी घाबरले असते, असं सांगून त्यांनी त्याची पाठ थोपटली.

अशी ही व्यवस्था बिनबोभाट चालली होती. तिला सुरुंग लावला तो नातीनंच. गेल्या दिवाळीच्या आधी वर्गातल्या एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळ्या मुली त्याच पार्कात गेल्या होत्या. सुट्टीचा दिवस, तोबा गर्दी. दिवसभरात मिळून त्यांचे दोनच पाळणे झाले. विहीणबाईंकडे आम्ही जेवायला जमलो होतो, तेव्हा नात ही हकिकत सांगत होती आणि विहीणबाई विळीवर कांदा चिरता चिरता ऐकत होत्या. दोनच पाळणे म्हटल्यावर त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली. पण पोरगी पाळण्यांबद्दल बोलेचना. ती रांगेबद्दल बोलत होती. रांगेत कुणी गणिताच्या सरांची नक्कल केली, कुणाचा बूट कठड्यापलीकडे गेला आणि तो काढताना कोण कसं अडकलं, एकीनं भुताची गोष्ट सांगितली ती ऐकायला पुढचे काका मागे वळून कसे उभे राहिले. सांगून झाल्यावर ती आजीजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “आज्जी, या वेळी आपण रांगेत उभं राहू या का? मी तुझ्याबरोबर कधीच नाही राहिले.”

विळीवरचा हात थांबला. मी आणि जावई एकमेकांकडे बघायला लागलो. रांगेत उभं राहिल्यानं मनुष्यजातीचं किती नुकसान झालं आहे यावर आता आम्हाला व्याख्यान ऐकायला मिळणार, याची मला खात्री होती. विहीणबाईंनी कांदा संपवला, डोळे पुसले, पाणी अर्थात कांद्यानंच आलं असणार, आणि म्हणाल्या, “बरं.” एवढंच. एवढ्या सहज हो म्हणाल्या याचं मला नवल वाटलं, पण नातीपुढे कुणाचंच काही चालत नाही, त्यातलाच प्रकार म्हणून मी सोडून दिलं.

दिवाळीच्या सुट्टीतला ऐन रविवार. घाटातच मोटारींची रांग होती, तिथून सुरुवात झाली. आत गेल्यावर विहीणबाईंनी सवयीनं उजवीकडे पाऊल टाकलं, मग थांबल्या आणि सगळ्यांबरोबर डावीकडे वळल्या. सकाळचे दोन-तीन छोटे पाळणे नातीनं आई-बाबांबरोबर केले. विहीणबाई एकाही पाळण्यात बसल्या नाहीत. एकदा म्हणाल्या बुटाची नाडी निसटली आहे, एकदा म्हणाल्या आज बॅगा मी सांभाळते, भाऊंना जरा मोकळं राहू द्या. मोकळं राहून मी काय करणार होतो? मी त्यांच्याशेजारी बसून राहिलो. दुपारी एक वाजता, म्हणजे लोकांच्या वेळेला, गर्दीत जेवलो. मग बायको, लेक आणि जावई झाडाखाली टेकले आणि आम्ही तिघं, विहीणबाई, नात आणि मी, सगळ्यात मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.

विहीणबाईंना रांगेत उभं राहता येत नाही, हे लगेच लक्षात आलं. अंगात ती सवयच नाही. पुढचा माणूस एक पाऊल सरकला की आपणही सरकायचं असतं, हे त्यांना दर वेळी नातीनं सांगावं लागे. त्या टाचा उंचावून पुढे पाहायच्या, कठड्यांची वळणं मोजायच्या, चार लोक जोडीनं आणि एक एकटा उभा आहे हे हेरून अस्वस्थ व्हायच्या. पण हळूहळू निवल्या. आमच्यामागे इंदापूरकडचं एक कुटुंब होतं. आई-वडील आणि नातीच्याच वयाच्या दोन मुली. मुली बघता बघता एक झाल्या आणि त्यांनी नाव-गाव-फळ-फूलचा खेळ तोंडीच सुरू केला. ‘ढ’चं फळ कुणालाच सुचेना. विहीणबाईंनी ‘ढेमसं’ म्हणून ठणकावलं. इंदापूरच्या बाईंनी ती भाजी आहे असा आक्षेप घेतला, तसं विहीणबाईंचं नागपूर उसळून बाहेर आलं. “भाजी काहून? वेलाले लागते ते फळच असते!” आजूबाजूच्या चार लोकांनी मतं दिली, वाद दोन वळणं पुरला, आणि शेवटी ढेमसं हे फळ आहे असा निकाल तिथल्या बहुमतानं लागला.

मग ऊन उतरलं. मुली दमून कठड्याला टेकल्या. नातीनं आजीच्या दंडाला डोकं लावलं आणि विचारलं, तुला रांग का नाही गं आवडत? मला वाटलं, आता नेहमीचं एखादं चटकदार उत्तर येईल. पण विहीणबाई तिला नोकरीच्या पहिल्या वर्षांबद्दल सांगू लागल्या. खिडकीच्या आत त्या बसायच्या आणि बाहेर रांग. आतून त्यांना फक्त पहिल्या माणसाचा चेहरा दिसायचा, मागचे नुसते खांदे. कुणी गावाहून पहाटे निघून आलेलं, कुणी लेकरू कडेवर घेऊन. जेवायच्या सुट्टीत खिडकी बंद करायचा नियम होता. ती बंद करताना जो पहिला उभा असायचा त्याचा चेहरा त्यांना घरी गेल्यावरही दिसायचा. त्या हळूहळू डबा घेऊन खिडकीतच जेवायला लागल्या. साहेबांनी झापलं, तरी जेवत राहिल्या. “मला वाटायचं, माणसाचं आयुष्य काही असं उभं राहून संपू नये,” त्या म्हणाल्या. हे मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. नात म्हणाली, पण आत्ता तर मज्जा येतेय. विहीणबाईंनी तिच्या केसांतून हात फिरवला. “हो गं माय,” त्या म्हणाल्या, “हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.”

शेवटचं वळण आलं. वर फलाटावर गाडी येऊन थांबली, गणवेशातल्या मुलीनं फाटक उघडलं, आणि नातीनं आजीचा हात ओढला. दोघींना नेमका पुढचा बाक मिळत होता. विहीणबाई जागच्या हलल्या नाहीत. फाटकाशेजारी नेहमीचा फलक होता: हृदयविकार, पाठीचे, मानेचे आजार असलेल्यांनी बसू नये. त्या त्याच्याकडे पाहत नव्हत्या. तो त्यांना पाठ असावा.

“तू जा,” त्या नातीला म्हणाल्या. “माझं इथपर्यंतच.”

पावसाळ्यात त्यांची मान आणि एक हात दुखत होता, हे आम्हाला माहीत होतं. मानेचे दोन मणके झिजले आहेत आणि डॉक्टरांनी पाळण्यांची कायमची मनाई केली आहे, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. तपासणीला त्या एकट्याच जायच्या, दवाखान्यात कुणी नसतं त्या वेळेला. हे सगळं त्यांनी फाटकाशी उभं राहून, मागचे लोक खोळंबू नयेत म्हणून, दोन वाक्यांत सांगितलं.

नातीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, मग मीपण नाही बसत. फाटकावरची मुलगी अवघडून उभी होती. विहीणबाईंनी नातीची हनुवटी धरली.

“एवढी रांग लावली ती कशाला मग? पुढचा बाक आहे. माझ्या वाटचं तू ओरड.”

त्यांनी मागे वळून इंदापूरच्या थोरल्या मुलीला पुढे घेतलं आणि दोघींना बाकावर बसवलं. छातीवरचा दांडा खाली आला तो स्वतः ओढून पाहिला, आणि मग आम्ही दोघं बाजूच्या दारानं जिना उतरलो. ज्यांना ऐन वेळी भीती वाटते त्यांच्यासाठी ते दार असतं. मी दर वर्षी पायथ्याशीच थांबणारा माणूस. त्या जिन्यानं उतरायची माझीही पहिलीच वेळ होती. उतरताना मी म्हणालो, विहीणबाई, आधी सांगायचं होतंत, एवढा वेळ उन्हात उभं तरी राहायला नको होतं. त्या कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या.

“डॉक्टरांनी पाळण्यात बसू नका म्हटलंय, भाऊ. रांगेत उभ्या राहू नका असं नाही म्हणाले,” त्या म्हणाल्या. “तिनं बरोबर तेवढंच मागितलं, जेवढं माझ्याकडे उरलं होतं.”

खाली येऊन आम्ही बाहेर पडायच्या वाटेशी थांबलो. वर साखळीचा कटकट आवाज सुरू झाला आणि गाडी हळूहळू चढणीला लागली. पुढच्या बाकावर दोन वेण्या दिसत होत्या, त्यातली आमची कुठली ते मला कळेना. विहीणबाईंना कळलं. त्यांनी डावा हात मानेच्या मागे नेऊन मान धरली, एखादं तान्हं मूल उचलताना त्याची मान धरतात तशी, आणि वर पाहायला लागल्या. मी म्हणालो, अहो, मान एवढी वर करू नका, बाकावर बसा, ती येईलच आता.

“येऊ द्या,” त्या म्हणाल्या, “सावकाश.”

गाडी माथ्यावर जाऊन क्षणभर थांबल्यासारखी झाली. दोन्ही मुलींनी हात वर केले. विहीणबाईंचा एक हात मानेला होता. दुसरा त्यांनी, आपल्या नकळत असेल, वर केला.